निवड समितीतली माझी खुर्ची

आमच्या आयटी कंपनीच्या दक्षिण विभागाचे मुख्य अधिकारी अचानक सोडून गेले आणि त्यांचं काम माझ्याकडे आलं. तात्पुरतं म्हणून. ते तात्पुरतं नऊ महिने चाललं. आमच्या शहरातल्या पीण्या, बोम्मसंद्रा या औद्योगिक भागांतल्या कारखान्यांना आम्ही सॉफ्टवेअर पुरवतो. कुठे काही अडलं की फोन मलाच यायचा. त्या पदासाठी मी रीतसर अर्ज केला.

मुंबईहून अध्यक्षांचा फोन आला. "तुम्ही छान सांभाळताय, मॅडम. पण आम्हाला बाहेरचा चेहरा हवाय. तुम्ही निवड समितीवर बसा ना. हे काम तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे?"

शेवटचं वाक्य ते कौतुकानेच बोलले होते.

बसवनगुडीच्या घरी वडिलांना सांगितलं. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो.

"मग नाही म्हणून टाक," ते म्हणाले.

"नाही म्हटलं तर रुसले असं होईल."

मग ते म्हणाले, "सरी, ठीक आहे. पण बसलीस तर नीट बस."

पहिल्या दोन उमेदवारांनी चकचकीत स्लाइड्स दाखवल्या. तिसरे गृहस्थ चेन्नईहून आले होते, पन्नाशी ओलांडलेले. बोलता बोलता मध्येच थांबले आणि त्यांनी विचारलं, "सध्या हा विभाग कोण चालवतंय?"

अध्यक्षांनी माझ्याकडे हात केला.

ते खुर्ची वळवून माझ्याकडे बघायला लागले. "हे पद तुमच्याकडे असतं, तर पहिल्या तीन महिन्यांत तुम्ही काय केलं असतं?"

मला अर्जानंतर कोणी मुलाखतीलाही बोलावलं नव्हतं. मी बोलत सुटले. पीण्यातल्या कारखान्यांत आमचं सॉफ्टवेअर असूनही लोक पुन्हा वहीत का लिहायला लागलेत, तिथे आमची माणसं महिनाभर नेऊन का बसवायला हवीत, सगळं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. मग अध्यक्षांना म्हणाले, "मग माझी गरज काय आहे?"

अध्यक्ष हसले. बाकी कोणी हसलं नाही.

मी चेन्नईच्या गृहस्थांना सर्वांत जास्त गुण दिले. प्रामाणिकपणे दिले की मनाचा मोठेपणा दाखवायला, हे मला आजही ठरवता येत नाही. निवड त्यांचीच झाली.

रुजू झाले त्या दिवशी ते माझ्या केबिनमध्ये आले. उभ्याउभ्याच त्यांनी विचारलं, "राग आहे?"

"आहे."

"असणारच. पीण्याला कधी जायचं?"

दुसऱ्याच दिवशी गेलो. एका छोट्या कारखान्यात, यंत्रांच्या आवाजात, सुपरवायझर कन्नडमध्ये तक्रारी सांगत होता आणि मी त्यांना इंग्रजीत समजावत होते. दोन तास ते लिहून घेत राहिले. परतताना म्हणाले, "तुमची माणसं इथे बसवायची योजना सोमवारपासून सुरू करा. माझ्या नावावर नको, तुमच्या नावावर."

राग लगेच गेला नाही. मीटिंगमध्ये त्यांच्या खुर्चीकडे बघायचं मी कित्येक महिने टाळायचे. पण काम शिकायला मिळालं, हेही खरं.

दोन वर्षांनी ते चेन्नईला परत गेले आणि पद माझ्याकडे आलं. आनंद झाला, पण जरा जपून झाला. मी त्यांना फोन केला.

"उशीर केला त्यांनी," ते म्हणाले.

अभिनंदन म्हणायचं ते विसरलेच. मला ते वाक्यच जास्त बरं वाटलं.