मंगळसूत्रवाली चिमणी

आखाती युद्धात रियाधमधल्या एका सुखी संसाराची वाट लागली. त्यात इराकचा काडीइतकाही हात नव्हता. वाट मी लावली.

मी तेव्हा तिथल्या एका बँकेत होतो आणि माझी बायको शैला सरकारी इस्पितळात डॉक्टर. (म्हणजे युद्धात उपयोगी पडेल असं माणूस आमच्या घरात एकच होतं.) लढाई सुरू झाली तशा शैलाच्या रजा बंद झाल्या. माझी बँक मात्र दुपारीच मिटायची, त्यामुळे नऊ वर्षांच्या केतकीचं जेवण, अभ्यास आणि वेण्या माझ्याकडे आल्या. मी घातलेल्या दोन वेण्या एका उंचीच्या असल्या तर एका जाडीच्या नसत!

केतकीची शाळा बंद झाली होती आणि तिच्या मैत्रिणी एकेक करून भारतात निघून गेल्या होत्या. आम्हीही हळू आवाजात विचार करत होतो, की मी केतकीला घेऊन पुण्याला जावं आणि रजा मिळेपर्यंत शैलानं इथं एकटीनं राहावं. केतकीला यातलं काही ठाऊक नाही अशी आमची ठाम समजूत होती. मूल खोलीत नसलं की त्याला ऐकू येत नाही, असं आईबापांना वाटत असतं.

त्या दिवसांत विषारी वायूची धास्ती होती. घरातली एक खोली प्लास्टिक आणि चिकटपट्टीनं हवाबंद करायची, असा सगळ्यांना निरोप होता. मी आमची बेडरूम बंद करायला घेतली. खिडक्या झाल्या, दार झालं. उरलं फक्त खिडकीतल्या एसीच्या बाजूचं भगदाड. तिथं मी जुना टॉवेल कोंबून आतून एक फळी ठोकली होती. पण एका चिमण्यांच्या जोडीनं त्याचेच धागे ओढून घरटं केलं आणि वर दोन अंडी घातली!

"घरटं काढावं लागेल," मी म्हणालो.

"नो बाबा! यू कान्ट ब्रेक अप देअर फॅमिली!" केतकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सोबतीला तिच्याकडे आता तेवढी चिमण्यांची जोडीच उरली होती.

"अगं, फॅमिली तुटणार नाही. आपण त्यांना अंगणात नवं घर देऊ."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस!"

शेजारच्या हैदराबादच्या वहीदभाईंनी हुफूफच्या खजुराची रिकामी लाकडी पेटी दिली. मी तिला एक गोल भोक पाडलं. (दोन पाडली. पहिलं तळाला पडलं.) शुक्रवारी सकाळी, सुट्टीच्या दिवशी, मुहूर्त ठरला. बेत साधा होता. आधी आईला पकडून घरट्यासकट पेटीत घालायचं, पेटी अंगणात टांगायची. बाप मागोमाग येईल. बाप काय, कुठंही येतो!

वहीदभाईंनी विचारलं, "लेकिन मियाँ, नर कौनसा, मादा कौनसी, कैसा पैचानते?"

मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. जोडीतल्या एकाच्या गळ्याखाली ठसठशीत काळं होतं. दुसऱ्याचा गळा अगदी ओका. "एकदम आसान. जिसके गले में काले मणी, वो औरत. मंगळसूत्र!"

वहीदभाईंना ते तत्काळ पटलं. "बराबर है. हमारे घर में भी काली पोत का लच्छा पैनते."

रात्रपाळीहून आलेली शैला पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, काळ्या गळ्याचा चिमणा असतो ना? माझे आजोबा म्हणायचे…"

"शैला, तू माणसांची डॉक्टर आहेस."

यावर ती पुढं काही बोलली नाही. ती गप्प बसली की मी बरोबर असतो, असा तेव्हा माझा गैरसमज होता.

थोड्याच वेळात मंगळसूत्रवालं पाखरू घरट्यात शिरलं. मी आतून एसीशेजारची फळी काढली, पाखरावर दुसरा टॉवेल टाकला आणि त्याला अलगद पकडलं. ते माझ्या अंगठ्याला कडकडून चावलं. "आईची माया आहे ही!" असं मी केतकीला कौतुकानं सांगितलं. पाखरू आणि घरटं पेटीत घातलं, सवय होईस्तोवर भोकाला मोजा लावला आणि पेटी अंगणातल्या भिंतीवर टांगली. मग आत येऊन फळी ठोकली आणि वर दोन रिळं चिकटपट्टी फिरवली. वारासुद्धा शिरणार नाही असं काम झालं.

आणि भोंगा वाजला.

वहीदभाई "यल्ला, यल्ला!" करत आपल्या घरी पळाले. आम्ही तिघं बेडरूममध्ये शिरलो आणि मी दारालाही पट्टी मारली. इस्पितळानं कर्मचारी आणि मूल यांना मुखवटे दिले होते, कर्मचाऱ्याच्या नवऱ्याला ओला पंचा पुरेल असं त्यांचं मत पडलं. शैलाच्या मुखवट्याचा पट्टा तिच्या मंगळसूत्रात अडकला. "धरा हे!" म्हणत तिनं ते काढून माझ्याकडे दिलं. माझ्या दोन्ही हातांत पंचा. म्हणून मी ते गळ्यात घातलं, थंडीसाठी घातलेली माकडटोपी काढून कपाटावर फेकली आणि नाकातोंडाला पंचा बांधला.

तेवढ्यात कपाटावरून आवाज आला, "चिव!"

तिथं ओक्या गळ्याचं पाखरू बसलं होतं. मी पेटी घेऊन अंगणात गेलो तेव्हा उघड्या भगदाडातून ते आत आलेलं असणार.

"काही नाही, चिमणा आहे," मी पंच्यातून जाहीर केलं. "बाप सुखरूप आहे."

केतकीनं मुखवट्यातून माझ्याकडे पाहिलं. "और ममी बाहर है! बॉम्ब में! पापा सेफ, ममी बाहर अकेली. सेम टू सेम तुमचा पुण्याचा प्लॅन! आय नो एव्हरीथिंग!"

शैलानं माझ्याकडे पाहिलं, मी शैलाकडे. मला भयंकर लाज वाटली. पंच्याचा तेवढा एक उपयोग झाला, तोंड लपलं.

मग त्या 'बापा'नं थैमान घातलं. पडद्यावरून पंख्यावर, पंख्यावरून माझ्या टकलावर! आणि एकाएकी सगळं शांत झालं. केतकी खुर्चीवर चढली आणि किंचाळली, "बाबा! ही इज नॉट मूव्हिंग!"

पाखरू माझ्या माकडटोपीत पडलं होतं. पिसं फुगलेली, डोळे अर्धवट मिटलेले.

"गॅस!" मी ओरडलो. "पक्ष्यांना आधी लागतो! कुणी श्वास घेऊ नका!" मी स्वतः श्वास रोखला, पंचा दोन्ही हातांनी दाबला आणि खाली बसलो. आता आपलं काय होणार या विचारानं मला खरोखर रडू यायला लागलं.

शैला मात्र शांतपणे खुर्चीवर चढली आणि मान वाकडी करून बराच वेळ पाहत राहिली. पाखरू उठलं, अंग झटकून पडद्याच्या दांडीवर जाऊन बसलं. टोपीत एक करडं, ठिपकेदार, कोमट अंडं होतं.

शैलानं मुखवटा वर केला. "अभिनंदन! चिमणा बाळंत झाला."

केतकी इतकी हसली की तिच्या मुखवट्याच्या काचा धुरकटल्या. धोका टळल्याचा भोंगा झाल्यावर मी दोन रिळं चिकटपट्टी नखांनी सोलली आणि फळी काढली. पेटीचा मोजा ओढताच खरा बाप बाहेर पडला आणि भिंतीवर बसून त्यानं मला जे सुनावलं ते सगळं मला समजलं. घरटं होतं तिथं परत ठेवलं आणि तिसरं अंडं त्यात सरकवलं. दोघं घरट्यात परततात की नाही, हे बघत आम्ही तिघं अंगणातून तासभर हललो नाही. आधी ती गेली, मग तो गेला, आणि केतकीनं एका हातानं माझं बोट धरलं, दुसऱ्यानं शैलाचं.

"पुण्याचं खलास," शैला म्हणाली. "इथं राहायचं तर तिघांनी."

खुशाली विचारायला वहीदभाई आले आणि माझ्या गळ्याकडे बघतच राहिले. मंगळसूत्र अजून तिथंच होतं. "मियाँ," ते हळूच म्हणाले, "आपके हिसाब से अब आप कौन हुए?"

युद्ध संपेपर्यंत चिमण्या बेडरूममध्ये राहिल्या आणि आम्ही हवाबंद केलेल्या बाथरूममध्ये. भोंगा झाला की मी उलट्या बादलीवर बसायचो, केतकी माझ्या मांडीवर. शैला मुखवटा चढवण्याआधी मंगळसूत्र काढून स्वतः माझ्या गळ्यात घालायची आणि दर वेळी न चुकता बजावायची,

"सांभाळा हं. आणि अंडं तेवढं घालू नका!"