टाके कोरडे, पू नाही

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. एका म्हातारीवर खोटा आळ आला, आणि तो माझ्यामुळे आला – आधी माझ्या आळसामुळे, मग भित्रेपणामुळे. कुठून सुरुवात करू?

जुन्या जालन्यातल्या एका खासगी दवाखान्यात नवा कॉम्प्युटर आला, तेव्हा त्यावर मी बसायचो. घरी जाणाऱ्या पेशंटची माहिती भरायची. सगळं नव्यानं कोण टाइप करणार? आधीच्या पेशंटचं पान कॉपी करायचो. नाव, वय, गाव तेवढं बदलायचो. खालची ओळ तशीच राहायची – ‘टाके कोरडे, पू नाही.’

राजूरची एक सून सिझरनंतर घरी निघाली. सिस्टर मला म्हणाल्या, “हिचे टाके ओले आहेत, बराबर लिही.” मी मान हलवली. बाहेर ऑटो थांबलेला, नातेवाईक घाई करत होते. ओळ बदलायची राहिली. राहिली – की मी बदलली नाही?

आठवड्यानं तिला परत आणलं. अंगात ताप, टाक्यांतून पू. सिस्टर रजेवर होत्या. डॉक्टरांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. “इथून गेली तेव्हा टाके कोरडे होते. घरी काय लावलं?”

तिचा नवरा आईकडं वळला. “तुलाच लई हौस हळदीची. टाक्यांत भरली ना?”

“न्हाई रे बाबा. म्या पट्टीला हात बी न्हाई लावला.”

“मंग कॉम्प्युटर खोटं बोलून राह्यला का?”

म्हातारी माझ्याकडं बघत होती. मी प्रिंटरमधले कागद सारखे करत राहिलो.

सून वाचली. पण स्क्रीनवर सगळ्यांचेच टाके कोरडे – मग अवजारं निर्जंतुक करायचं मशीन कोण तपासणार? पुढंही बायका पू घेऊन येत राहिल्या. शेवटी मशीनच बिघडलेलं निघालं. ते दुरुस्त झालं. राजूरला मात्र कुणी कळवलं नाही. मीही नाही. सून सासूला नातवाला हात लावू देत नाही, असं त्यांच्या शेजारची एक बाई दवाखान्यात सांगून गेली. ते ऐकूनही मी वर्षानुवर्षं गप्प. का? नोकरी जाईल म्हणून. एवढंच.

नोकरी सोडल्यावरच राजूरला गेलो, हेही सांगायला हवं. मुलगा, सून, दोघंही घरात होते. म्हातारी भिंतीला टेकून बसलेली. मी उभ्यानंच बोललो.

“मावशी, टाके दवाखान्यातूनच ओले गेल्ते. मला माहीत होतं. कॉम्प्युटरवर ‘कोरडे’ असं मीच ठेवलं, आणि हे तुम्हाला बोलून राह्यले तवा गप बसलो. तुमचा काहीच दोष न्हाई. माझं चुकलं.”