दिवस भरत आले

एसटी सुटायच्या आधी पप्पांनी स्टँडवरच, सगळ्यांदेखत, माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. आमेन झाल्यावर बजावलं, "शेवटचे दिवस आहेत, बाळा. सामान थोडं ठेव, कशात जीव गुंतवू नको. आपलं घर वर आहे." पप्पा आमच्या गावच्या चर्चचे पंच. दुष्काळ पडो, कुठे लढाई होवो, नाहीतर शेजारची म्हैस मरो, ते बायबल उघडून जगाचे शेवटचे दिवस काढून दाखवायचे. मला हसू यायचं, पण बॅगा दोनच घेतल्या.

गावी राहिलेल्यांना आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनाही सांगते, ही दोन बॅगांची सवय सुटत नाही. आयटी पार्कालगत माण गावात खोली घेतली, पार्कातच सपोर्टची नोकरी धरली, लग्नही इथेच झालं. नवरा पिरंगुटच्या कारखान्यात. तरी कपाट घेतलं नाही. कुणी विचारलं की म्हणायचे, तात्पुरतंच तर आहे.

मग मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच होतं. पण सातव्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, प्रवास नाही, जिना नाही, पडून राहायचं. गावी जाता येईना, ऑफिसला जाता येईना. एक खोली, एक खिडकी, खिडकीत शेजारच्या बिल्डिंगची भिंत. नवरा शिफ्टला गेला की मी छतातल्या एका लोखंडी कडीकडे बघत पडायचे. पंख्याची नव्हे, दुसरीच, उगाच ठेवलेली. आणि पप्पांचं वाचन कानात घुमायचं: त्या दिवसांत ज्या गरोदर असतील त्यांचे फार हाल होतील. लहानपणी ते दुसऱ्या कुणाविषयी होतं. आता माझ्याविषयी होतं. लेकराला कुठल्या जगात आणतेय मी? पप्पांना विचारायचं धाडस होत नव्हतं. आणायला नको होतं, असं म्हणाले तर?

शेवटी मीच तो अध्याय उघडला. तेवढ्यात घरमालकीणकाकू भाकरी घेऊन आल्या. त्यांची शेती आयटी पार्कात गेली, आता खोल्या भाड्याने देतात.

"काय वाचतीयास गं?"

"शेवटचे दिवस म्हणजे काय, ते समजून घेतेय."

काकू फतकल मारून बसल्या. "आगं, मग पुस्तकात काय बघतीयास? मला इचार की. शेवटच्या दिसांत लई भ्या वाटतं. कंबर धरती, झोप लागत न्हाई. पन दिस भरल्याबिगर कुनी येतंय व्हय?"

त्यांची चूक सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा पानाकडे पाहिलं. पप्पांच्या त्या ओळीच्या थोडं वरच येशू म्हणतो, लढाया, दुष्काळ, भूकंप ही तर वेदनांची सुरुवात. बाळंतपणाच्या वेणांची! तिथे पप्पा कधी थांबलेच नव्हते. शेवट म्हणजे सगळं संपणं, असंच मी धरून बसले होते. इथे तर कुणीतरी यायचं होतं. येशूच्या पहिल्या अनुयायांच्या मंडळीलाही आपण शेवटच्याच दिवसांत आहोत असं वाटायचं, तरी ती घरोघरी भाकर मोडून आनंदाने जेवायची.

भीती गेली असं नाही. खोली तेवढीच आहे, भिंतही. भाकरी खाता खाता मी काकूंना त्या कडीचं विचारलं.

"पाळन्याची हाय. स्लॅब टाकतानाच समद्या खोल्यांत ठिवून घेतली. भाड्यानं ऱ्हात्यात म्हनून काय लेकरं व्हायची न्हाईत?"

आपलं घर वर आहे, असं पप्पा म्हणायचे. मी वर पाहिलं, तर ही कडी. इतके दिवस तिच्याखालीच पडून मी म्हणत होते, इथे आपलं काही नाही.

संध्याकाळी फोन लावला. "पप्पा, दिवस भरत आलेत. मला येता येत नाही, तुम्हीच या. आणि येताना पाळण्याला दोरी आणा."

मला वाटलं, आता अध्याय सुरू होणार.

"कडी किती उंच आहे?" त्यांनी विचारलं.