सुभेदारांनी उतरवलेला फ्लेक्स

ये, अशी जवळ बस. इतक्या दिवसांनी मावशी आठवली होय गं? आणि आल्या आल्या काय म्हणालीस, आमचे शेजारी, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार भित्रे होते? पुन्हा म्हणू नकोस.

आमच्या मोशीच्या इमारतीत लढाईच्या बातम्या आवाज बंद करून बघणारा तो एकच माणूस. "चित्रं पुरेत, ताई. ओरडणारे कधी तिकडं गेलेले नसतात," म्हणायचे. आपण सीमेपलीकडे हल्ला केला तेव्हा खाली लोकांनी फटाके लावले. सुभेदार जिन्यात उभे होते. म्हणाले, "पहिला तडाखा आपण ठरवतो. दुसरा समोरचा ठरवतो. तिसरा कुणाच्याच हातात राहत नाही." त्यांचा मुलगा महेश तेव्हा सीमेवरच होता. तिकडूनही तोफा सुरू झाल्या आणि त्याचा फोन लागेना.

तरी पाण्याची पाठ सोडली नाही त्यांनी. त्याच आठवड्यात महापालिकेचा उमेदवार मतं मागायला आला, तर यांचा पहिला सवाल, "नळाला पाणी कधी? टँकरवर किती वर्षं काढायची?"

"सुभेदार, जवान सीमेवर उभे आहेत आणि तुम्हाला नळाची पडलीय?" टाळ्याच टाळ्या.

"मीही उभा होतो, राव. तिथंही पाणी मागायचोच."

उमेदवार पुढच्या इमारतीकडं वळला. पाण्याचा विषय तिथंच संपला.

मग फोन आला, लष्करी दवाखान्यातून. महेशचा उजवा पाय गुडघ्यापासून गेला होता. सुभेदार निघायच्या आत गेटवर फ्लेक्स लागला. महेशचा फोटो एवढासा, हात जोडलेला उमेदवार हा एवढा! सुभेदारांनी स्टूल आणलं, दोऱ्या कापल्या, फ्लेक्स गुंडाळून वॉचमनकडे दिला. "माझं पोर मतं मागायला नव्हतं गेलं," एवढंच बोलले.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'असल्या गद्दाराला इथं ठेवायचं का? हाकला.' खाली अंगठ्यांची रांग. त्यात एक माझा, गं. सगळ्यांनी दिला म्हणून दिला. न वाचता नाही हं, चष्मा लावून वाचून दिला.

दोन-तीन महिन्यांत त्यांनी फ्लॅट विकला आणि महेशला घेऊन साताऱ्याकडं गावी निघाले. जाताना माझ्या दारात थांबले. अंगठा त्यांनी पाहिला होता, नजरेवरून कळलं मला. तरी म्हणाले, "ताई, टँकर आला की तिसऱ्या मजल्यावरच्या बाळंतिणीला आधी पाणी मिळतंय ना, बघत जा. आणि गावाकडं या."

उमेदवार निवडून आला. सुभेदारांच्या दारावर आता दुसरी पाटी आहे.

येत्या रविवारी निगडीहून ये बाई, आणि मला त्यांच्या गावी घेऊन चल. त्यांच्या दारात एकटीनं उभं राहायचा धीर होत नाही. लवकर ये.