सिंगापूरमध्ये जिंकलेला डाव

"सिंगापूरला जाऊन बुद्धिबळच खेळणार?" असं नवऱ्याने विचारलं, त्याच दिवशी मी तिकीट काढलं. पुण्यातल्या क्लबात इतकी वर्षं खेळतेय, पण एकाही मास्टरला कधी हरवलेलं नव्हतं. मरायच्या आधी एकदा तरी हरवायचं होतं. मावसबहीण प्राजक्ता बुकित बातोकला राहते, त्यामुळे हॉटेलचा प्रश्न मिटला.

कुणी खेळायला जाणार असेल तर स्वेटर न्या. बाहेर घामाच्या धारा, हॉलमध्ये एसीने दात वाजतात. एमआरटीला, म्हणजे तिथल्या मेट्रोला, आपलं बँकेचं कार्ड गेटवर टेकवलं तरी चालतं. स्पर्धा वन-नॉर्थला होती, प्राजक्ताकडून तिथपर्यंत दोनदा गाडी बदलावी लागते. न्याहारीला हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, काया टोस्ट स्वस्त आणि मस्त. काया म्हणजे नारळाचा जाम. त्यात अंडं असतं, हे मला अर्धा टोस्ट पोटात गेल्यावर कळलं.

ते सांगितलं टेबलावर समोर बसलेल्या योनास यांनी. लिथुआनियाचे मास्टर, सत्तरीपुढचे. "सोव्हिएत काळात मास्टर झालो," ते म्हणाले. "देश स्वतंत्र झाल्यावर संघातून खेळलो. हॉटेलला पैसे नसायचे, बसमध्येच झोपायचो. आता ऊन असेल तिथल्या स्पर्धा निवडतो." दुपारी माझी गाठ त्यांच्याशीच पडली.

डाव चांगलाच रंगला. शेवटी दोघांकडेही वेळ कमी उरला. त्यांनी हत्ती सरकवला, चाल लिहिली आणि घड्याळ दाबायला विसरले. पाळी माझी, पण वेळ त्यांचा जात होता. आमच्या क्लबात अशा वेळी मुकाट्याने घड्याळाकडे बोट दाखवायची रीत आहे. स्पर्धेत तसं बंधन नाही. मी हनुवटीला हात लावून विचार करण्याचं सोंग आणलं. खरं तर मला काही सुचतच नव्हतं. त्यांचा वेळ संपला, मी पंचांना बोलावलं आणि गुण घेतला. माझे कान तापले होते.

"माझीच चूक," म्हणत योनासनी हात मिळवला. मग बाहेरच्या टेबलावर त्यांनी तीच स्थिती मांडली आणि माझा घोडा उचलून त्यांच्या राजाशेजारी ठेवला. "यानंतर मी हरलोच होतो. तुम्ही हीच चाल तपासत होता ना?"

"हो," मी म्हणाले.

घरी प्राजक्ताने शिरा केला. तिची लेक तिथल्या इंग्रजीत म्हणाली, "मावशी, सो पावर लाह." म्हणजे एकदम भारी. रात्री मी प्राजक्ताला घड्याळाचं सांगितलं. "नियमात बसतंय ना?" ती म्हणाली. "मग कशाला जीव खातेस स्वतःचा?" घोड्याचं मात्र तिलाही सांगितलं नाही. पुढे बागा पाहिल्या, समुद्र पाहिला. लाज काही पाठ सोडेना.

पुण्यात क्लबाने शाल-श्रीफळ दिलं. समोरच्याचा वेळ संपला, एवढंच मी सांगितलं होतं. क्लबात आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी भिंतीवरच्या पटावर डाव लावून विचारलं, "वेळ संपला नसता तर काय खेळणार होतीस?" मी घोडा उचलला आणि राजाशेजारी ठेवला. टाळ्या पडल्या. सरांचे डोळे भरून आले. मला वर बघवेना.

क्लबातले सगळे हा ब्लॉग वाचतात. सर, ती चाल योनास यांची आहे.