टेकडीवरचा मोफात

होनिआरा या बेटांवरच्या राजधानीत लोक मैदानालगतच्या टेकडीवर बसून सामने बघायचे; तिथंच हिल्डामावशी सुपारी-चुना विकायची आणि विकता विकता मोफातला शिव्या घालायची. देशाच्या फुटबॉल संघात तो डावीकडून खेळायचा. पायात जादू नव्हती, पण चेंडू गेला की सगळ्यांत आधी मागे धावायचा तोच. तरी तिचं ठरलेलं, "पळ की रे मेल्या!"

गुडघ्यानं दगा दिला आणि मोफातनं खेळ सोडला. टेकडीवर सुतक आलं.

"आता शिव्या कुणाला, मावशी?" एका गिऱ्हाइकानं डिवचलं.

"तुला! घे सुपारी आणि चालता हो."

पुढच्या सामन्याला मोफात तिच्याच शेजारी येऊन बसला. तिनं सुपारी पुढे केली. उत्तरार्धात पाहुण्यांनी चेंडू हिसकावला. डावी बाजू उघडी पडली. मावशीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "मोफात, पळ की रे मेल्या!"

तो ताडकन उठला, उतारावर दोन पावलं धावला आणि गुडघा धरून खाली बसला.

कुणी हसलं नाही. खाली आपल्यावर गोल झाला.

"पोचलो असतो, मावशी," मोफात म्हणाला.