धारंची सुट्टी

चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. पण कऱ्हाटीला स्वतःचं पिक्चरचं चॅनल मी दिलं, आणि हे सांगायला मला कुणाच्या परवानगीची गरज न्हाय.

माळवदावर केबलची छत्री, खाली खोलीत व्हीसीआर. बाकीची चॅनलं छत्रीवरून यायची, हे एक माझ्या हातातलं. बारामतीहून कॅसेट आणायची, पुढं सीड्या आल्या. दुपारी एक पिक्चर, संध्याकाळी एक. सासुरवाशिणीचा पिक्चर लावला की आळीत चुली उशिरा पेटायच्या.

संध्याकाळच्याला मात्र एक अडचण होती. पिक्चर ऐन रंगात यायचा आणि म्हशींच्या धारा काढायची वेळ व्हायची. डेअरीत दूध वेळेत घालावं लागतं, म्हणून बाया अर्ध्यातून उठायच्या. एकदा समोरची वैनी चरवी घेऊन दारात आली न् म्हणाली, "भावजी, पिक्चर जरा दावणीला बांधा की. आलेच मी."

मी बटण दाबलं. गावभर टीव्हीचे पडदे निळे झाले. बाया दूध घालून परतल्या, वैनीनं दारातनं हात केला, तवा पिक्चर पुन्हा सोडला. त्या दिवसापासून धारंची सुट्टी पडली ती कायमची.

गडीमाणसं कुरकुर करायची. मी म्हणायचो, "दुधाचा चहा पिता न्हवं? मग गप बसा."

निरवांगीचे मेव्हणे हसायचे. "दाजी, म्हशींना इचारून पिक्चर लावता व्हय?"

"व्हय. हितं त्याच धनी हायत."

मग घरोघर टीव्हीला केबल कंपनीची सेट-टॉप पेटी बसायची वेळ आली. कंपनीचा साहेब म्हणाला, तुमचं चॅनल आमच्या पेटीत घेऊ, पण न थांबता चालवावं लागंल, मधी पडदा निळा चालणार न्हाय. घरातले म्हणाले, घ्या ऐकून. मी म्हणलं, सुट्टीशिवाय चॅनल माझं न्हाय. आणि उठलो.

माझ्या चॅनलच्या शेवटच्या दिवशी कंपनीचा माणूस खोलीत येऊन बसला. सात वाजता माझी वायर काढून त्याच्या मशीनला जोडणार होता. त्यात दुपारी लाइट गेलेली, म्हणून पिक्चर उशिरा लागला. सुट्टी दिली तर शेवट दिसणार न्हाय, हे मला कळत होतं. आळीलाही कळत होतं. तरी धारंची वेळ झाली आणि मी बटण दाबलं. इतक्या वर्षांचा शब्द एका दिवसासाठी कशाला मोडायचा?

लगेच फोन वाजला. वैनी.

"भावजी, का थांबवला?"

"धारा."

"आज म्हशी थांबत्यात. लावा तुमी."

मी लावला. थोड्या वेळानं एका गोठ्यातून म्हैस हंबरली, मग दुसऱ्या, मग सगळ्या आळीत तोच गलका. कंपनीचा माणूस खिडकीतून बघायला लागला. "काय झालं ओ?"

"काय न्हाय," म्हणलं. "सुट्टी मागत्यात."

पिक्चरातली सासुरवाशीण माहेरी पोचली, पाट्या पडल्या, आणि त्यानं वायर काढली. मी बाहेर आलो तर बाया चरव्या घेऊन गोठ्याकडं पळत होत्या. दूध घालायला अंधार झाला. डेअरीवाल्यानं दूध मोजायचा काटा तोवर चालू ठेवला होता. त्यालाबी शेवट बघायचा होता.